आयतीतला विसरलेला आजारी

साताऱ्यातल्या आमच्या माहेरच्या घरात मागच्या अंगणाला लागून मोरी होती. एका कोपऱ्यात पितळी बंब, त्याच्या शेजारी घंगाळ, आणि बसायला लाकडी पाट. पाटाची उंची चार बोटे. निरोगी माणसाच्या ध्यानातही येत नाही, की चार बोटांच्या पाटावर बसायचे म्हणजे गुडघे किती वाकवावे लागतात.

माझ्या दादीचे गुडघे वाकत नव्हते. हातांची बोटे सांध्यांवर सुजून वाकडी झाली होती. भरलेला तांब्या तिला उचलता येत नसे. दर जुम्म्याला अम्मी आणि फुफी तिला दोन्ही बाजूंनी धरून मोरीत न्यायच्या आणि आंघोळ घालायच्या. तेवढ्या अर्ध्या तासाने दादी इतकी दमायची की दुपारचे जेवणसुद्धा नको म्हणायची. बाकीचे सहा दिवस ती स्वतःला ‘पारोशी’ म्हणवून घेई. अम्मीने मुसल्ला अंथरला की म्हणायची, “नक्को बिछा गे. मैं पाक नहीं हूं.”

शेवटची चार वर्षे दादीने नमाज पढली नाही. आयुष्यभर फजर न चुकवलेली बाई. तिची तस्बीह खिळ्याला टांगलेली असायची, तिच्याकडे ती बघायची, पण हात लावायची नाही. आम्हाला वाटायचे, दुखण्याने सोडली असेल. आज कळते, ती दुखण्याने नव्हे, शरमेने सोडली होती.

हे आज कळते याचे कारण म्हणजे दादीचे दुखणे आता माझ्याकडे आले आहे. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, सांगलीत राहते, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. सांधेदुखी आणि तिच्याबरोबर येणारा थकवा यांच्यासोबत राहण्याचे हे नववे वर्ष. या थकव्याला झोप हा उतारा नाही. सकाळी बादली उचलणे, वाकून पायावर पाणी घेणे, केस धुणे, अंग पुसणे, एवढे केले की शाळेत जाण्याआधीच दिवसाची ताकद संपलेली असते. आंघोळ हे काम आहे, हे मला आजारी पडल्यावर समजले.

मग मी दादीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला बसले. ज्याला पाण्यापर्यंत पोचणेच जड जाते, त्याच्या पाकीचे काय? शिक्षकी पेशामुळे सवय अशी की उत्तर आधी पुस्तकात शोधायचे. ते सापडले, आणि सापडल्यावर आनंदापेक्षा वाईटच जास्त वाटले, कारण ते फार जुने होते आणि आमच्याच कपाटात होते.

आधी एक गुंता सोडवला पाहिजे. आमच्या घरात दोन वेगवेगळे नियम एकमेकांत मिसळले होते. ‘पारोसे’ हा शब्द या मातीतला आहे. रोज सकाळी आंघोळ झाल्याशिवाय चुलीला, देवाला, पाण्याच्या हंड्याला हात लावायचा नाही, ही शेजारपाजारची रीत. शेकडो वर्षे एका आळीत राहिल्यावर ती आमच्या घरात आली, त्यात वाईट काही नाही. पण इस्लामी शरीयतमध्ये रोजची आंघोळ नमाजची अट नाही. नमाजसाठी लागते ती वुजू, म्हणजे तोंड, कोपरापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय धुणे व डोक्यावरून ओला हात फिरवणे. संपूर्ण स्नान, म्हणजे गुस्ल, ठरावीक प्रसंगांनंतरच फर्ज होते, जसे पतिपत्नींचा संबंध, मासिक पाळी, बाळंतपण. जुम्म्याची आंघोळ पुण्याची आहे, पण ती हुकली म्हणून माणूस नापाक होत नाही. दादी ‘पारोशी’ होती, एवढेच. ‘नापाक’ हा शब्द तिने स्वतःच स्वतःला लावला, आणि कोणी दुरुस्त केला नाही.

आता वुजूही जमत नसेल तर? इथे तयम्मुम येतो. स्वच्छ मातीवर तळहात टेकवून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवणे, हा वुजू आणि गुस्ल दोन्हींना पर्याय. मुलांना मी वर्गात विचारते, तयम्मुम कधी करतात? सगळे एका सुरात सांगतात, पाणी नसेल तेव्हा. मोठेही हेच सांगतात. यामागे एक प्रसिद्ध प्रसंग आहे. पैगंबर (स.) एका मोहिमेवरून परतत असताना हजरत आयेशा (रजि.) यांचा गळ्यातला हार हरवला. तो शोधण्यासाठी काफिला थांबला, आणि जिथे थांबला तिथे पाणी नव्हते. लोक कुरकुरू लागले. त्याच वेळी तयम्मुमची आयत उतरली. त्यामुळे तयम्मुम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट येते.

पण ती आयत नीट वाचावी. कुरआनमध्ये हा हुकूम दोन ठिकाणी आहे, सूरह निसाच्या ४३व्या आणि सूरह माइदाच्या ६व्या आयतीत. दोन्ही ठिकाणी ज्यांना सवलत दिली त्यांची यादी आहे, आणि दोन्ही याद्यांत पहिला उल्लेख प्रवाशाचा नाही. पहिला उल्लेख आजाऱ्याचा आहे. प्रवासी त्याच्यानंतर येतो. काफिल्याच्या अडचणीत उतरलेल्या आयतीने आधी आजाऱ्याची विचारपूस केली आणि मग प्रवाशाची. आपण प्रवासी लक्षात ठेवला आणि आजारी विसरलो. कृष्णेच्या काठी, नळाला पाणी असताना, तयम्मुमचा विचार आमच्या घरात कोणाच्या मनात आला नाही तो यामुळेच.

हदीसच्या ग्रंथांत आणखी दोन घटना आहेत. अबू दाऊद यांच्या संग्रहातली पहिली घटना मला फार अस्वस्थ करते. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्याच्यावर गुस्ल फर्ज झाले. त्याने सोबत्यांना विचारले, मला तयम्मुमची सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी आहे, मग सवलत कसली? त्याने आंघोळ केली आणि तो मेला. पैगंबरांना (स.) हे कळले तेव्हा ते संतापले. या लोकांनीच त्याला मारले, असे ते म्हणाले. माहीत नव्हते तर विचारायचे होते, अज्ञानाचा इलाज विचारणे हाच आहे, असे त्यांनी सुनावले. त्या सोबत्यांनी काही वाईट हेतूने सांगितले नव्हते. ते धर्मनिष्ठच होते. पण आजारी माणसाच्या अंगावर स्वतःची धर्मनिष्ठा लादली की काय होते, याची नोंद चौदाशे वर्षांपूर्वीच झालेली आहे.

दुसरी घटना हिजरी सन ८ ची, म्हणजे इ.स. ६२९ ची. अम्र बिन आस (रजि.) हे जातुस्सलासिलच्या मोहिमेवर सेनापती होते. कडाक्याच्या थंडीच्या रात्री त्यांच्यावर गुस्ल फर्ज झाले. थंड पाण्याने जीव जाईल या भीतीने त्यांनी तयम्मुम करून फौजेला नमाज पढवली. तक्रार पैगंबरांपर्यंत गेली. अम्र यांनी उत्तर दिले की अल्लाहने स्वतःचा जीव घेऊ नका असे सांगितले आहे. पैगंबर (स.) हसले आणि काही बोलले नाहीत.

इथवरची माहिती कोणत्याही मदरशातला विद्यार्थी देईल. माझा प्रश्न थोडा पुढचा होता. माझ्या अंगाला पाण्याचा अपाय होत नाही. उलट कोमट पाणी बरेच वाटते. त्रास होतो तो हालचालीचा, म्हणजे उठणे, वाकणे, उचलणे यांचा. अशा दुखण्याला जुन्या शास्त्रात जागा आहे का?

याचे उत्तर मला ‘फतावा-ए-आलमगिरी’त मिळाले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगजेबाच्या आज्ञेने हनफी कायद्याचा हा मोठा अरबी संग्रह तयार झाला. संपादन करणाऱ्या उलेमांचे प्रमुख शेख निजाम हे बुऱ्हाणपूरचे, म्हणजे आपल्या दख्खनच्या उंबऱ्यावरचे. पुढे लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने त्याचा उर्दू तर्जुमा छापला, आणि तो गावोगावच्या घरांत पोचला. ग्रंथाची सुरुवातच तहारतच्या, म्हणजे शुद्धीच्या प्रकरणाने होते. तयम्मुमच्या भागात म्हटले आहे की आजार वाढेल किंवा बरे व्हायला उशीर लागेल अशी भीती असेल तर आजाऱ्याने तयम्मुम करावा. त्यापुढे असे स्पष्टीकरण आहे की आजार पाण्याच्या वापराने वाढो वा हालचालीने वाढो, दोन्हींत फरक नाही. पाण्याने वाढणाऱ्याचे उदाहरण देवीचा रोगी. हालचालीने वाढणाऱ्याचे उदाहरण अतिसाराचा रोगी, आणि ज्याला ‘इर्के मदनी’ झाला आहे तो.

इर्के मदनी म्हणजे आपला नारू. जुन्या पिढीला हा शब्द सांगायला नको. पायातून हात-दीड हात लांबीचा दोऱ्यासारखा जंत आठवडेच्या आठवडे बाहेर येत राहायचा, जळजळ अशी व्हायची की माणूस जागचा हलू शकत नसे. महाराष्ट्रातल्या खेड्यांनी हा रोग पिढ्यान्पिढ्या भोगला. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, आणि नारूवाल्याने जळजळणारा पाय त्याच पाण्यात बुडवायचा, यातून तो पसरायचा. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला.

ती ओळ वाचून मी पुस्तक मिटून बसले. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणी तरी आलिमाने नारूच्या रोग्याकडे बघितले होते. त्याच्याजवळ पाणी आहे, पाण्याने त्याला अपायही नाही, तरी तिथपर्यंत जाण्यातच त्याचा जीव जातो, हे त्याने ओळखले आणि लिहून ठेवले. माझ्या दुखण्याला आजही लोक विचारतात, “दिसत तर काही नाही, मग होतंय काय तुम्हाला?” त्या आलिमाने असे विचारले नाही.

मदतीचा मुद्दाही हनफी फिकहात चर्चिला आहे. वुजू करवून देणारे कोणी घरात असेल तर? यावर इमाम अबू हनीफा आणि त्यांचे दोन मोठे शागीर्द यांच्यात मतभेद आहेत. इमामांच्या नावावर एक तत्त्व सांगितले जाते की दुसऱ्याच्या ताकदीवरून माणूस समर्थ ठरत नाही. मी आलिम नाही. ज्याने त्याने आपली अडचण जाणकार आलिमाला सांगून विचारावे. कोकणातले वाचक बहुतेक शाफई असतात, त्यांच्याकडे तयम्मुमला धूळ असलेली मातीच लागते, आमच्या घाटावरच्या हनफींकडे दगडही चालतो. असे बारकावे आहेत. मला एवढेच सांगायचे आहे की आजाऱ्याचा हा प्रश्न विचारायला लाज वाटावी असा कधीच नव्हता.

हा ग्रंथ ज्याच्या आज्ञेने झाला, त्याची एक हकिकत आमच्याच भागातली आहे. औरंगजेबाचे नाव आमच्या जिल्ह्यांत घेतले की वाद उभा राहतो. मी इथे त्याचे राज्य तोलायला बसलेले नाही, मला फक्त त्याच्या गुडघ्याबद्दल बोलायचे आहे. डिसेंबर १६९९ मध्ये त्याने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला. एप्रिल १७०० मध्ये किल्ला त्याच्या हाती आला, जूनमध्ये परळीचा, म्हणजे सज्जनगड. मग भर पावसात छावणी हलली, कृष्णा ओलांडताना फौजेचे अतोनात हाल झाले. भूषणगडावरून मुक्काम माण नदीच्या काठी खवासपूरला पडला. ही नदी आमच्या सातारा जिल्ह्यात उगम पावते आणि आटपाडीवरून सांगोल्याकडे जाते. एरवी कोरडी. त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री तिला अचानक पूर आला आणि छावणी वाहून जाऊ लागली. आरडाओरडा ऐकून बादशहाला वाटले मराठे छावणीत घुसले. तो घाईने उठला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. वैद्यांना तो सांधा नीट बसवता आला नाही. वय ८१. पुढे १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत तो लंगडत राहिला.

त्याच्याकडे पाणी आणणारे भिस्ती होते, हात धरणारे खिदमतगार होते, पालखी होती. माझ्या दादीकडे अम्मी आणि फुफी होत्या, त्याही फक्त जुम्म्याला. गुडघा दोघांचा सारखाच दुखला असेल. फरक हाताशी असलेल्या माणसांचा. राजेलोकांच्या हम्मामांच्या इमारती आपण कौतुकाने बघतो, पण तिथेही पाणी तापवणारे, अंग चोळणारे, अंग पुसणारे हात होते, म्हणून ते स्नान ‘आराम’ होते.

आमच्या बिगरमुस्लिम वाचकांसाठी एक गोष्ट सांगते. ही समज फक्त एका धर्माची नाही. धर्मशास्त्रात स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत. पाण्याचे वारुण स्नान हा त्यांतला एक. त्याशिवाय मंत्रस्नान आहे, भस्माचे आग्नेय स्नान आहे, मनाने करायचे मानस स्नान आहे, आणि मातीचे भौम स्नानही आहे. ज्याला पाण्याने नाहणे झेपत नाही त्याच्यासाठी हे पर्याय. ज्या वाईत प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशाचे काम केले, ती आमच्या साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. म्हणजे कृष्णाकाठच्या दोन्ही परंपरांच्या पोथ्यांत आजाऱ्यासाठी माती होती. घराघरांत मात्र ‘पारोसे’ तेवढे उरले.

पण नमाजची पाकी ही एक बाजू झाली. अंगाची स्वच्छता ही दुसरी. तयम्मुमने नमाज होते, पण घाम जात नाही, मळ निघत नाही. दुखणाऱ्या अंगालाही स्वच्छ वाटावेसे वाटतेच. या बाजूचा इतिहास मला सांगलीशेजारी मिरजेत भेटला.

डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली मिशनचे डॉक्टर म्हणून या भागात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. मिरज आज दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, त्याचा पाया तो. तिथे नर्सिंगचेही शिक्षण सुरू झाले आणि या भागातल्या कित्येक मुली नर्स झाल्या. आमच्या कॉलनीत अशाच एक निवृत्त नर्सबाई राहतात. एकदा त्या सहज घरी आल्या, माझी अवस्था बघितली आणि पदर खोचून कामाला लागल्या. दोन घमेली, दोन रुमाल, कोमट पाणी. एका वेळी शरीराचा एकच भाग उघडायचा, धुवायचा, लगेच कोरडा करायचा, झाकायचा, मग पुढचा. “सगळं अंग एकदम भिजवायलाच हवं असं कोणी सांगितलं तुम्हाला?” त्या म्हणाल्या.

त्यांची ही पद्धत कुठून आली हे मी नंतर वाचले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या १८५९ सालच्या नर्सिंगवरच्या पुस्तकात अंगाच्या स्वच्छतेवर स्वतंत्र प्रकरण आहे. पेलाभर गरम पाणी आणि खरखरीत टॉवेल यांनी नीट चोळून पुसले तर टबभर पाण्यात नुसते बसण्यापेक्षा कातडी जास्त स्वच्छ होते, असे त्यात सांगितले आहे. आपण नाइटिंगेलला हातात दिवा घेतलेली म्हणून ओळखतो. पण १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात तिला तापाने गाठले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे ती पाठदुखी आणि थकव्याने खोलीत, पुष्कळदा अंथरुणातच होती. अंथरुणातूनच तिने हिंदुस्थानच्या आरोग्याविषयी अहवाल लिहिले, पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. तिचा जन्मदिवस १२ मे. दीर्घ थकवा आणि अंगदुखीच्या आजारांचा जागृती दिवस म्हणून आज जगभर तोच पाळतात.

आता माझे कसे चालते ते सांगते, कारण मला पत्रे आणि फोन येतात ते याच कारणासाठी. पाट मोरीतून गेला, प्लास्टिकचे उंच स्टूल आले. आंघोळ सकाळी नाही, रात्री, म्हणजे नंतर फक्त झोपायचे असते. पूर्ण आंघोळ आठवड्यातून तीनदा, बाकीच्या दिवशी नर्सबाईंची दोन घमेली. केस रविवारी, वेगळे, आणि ते धुवायला मुलगी असते. अंग पुसण्याऐवजी मोठा टॉवेल गुंडाळून बसते, तो आपोआप पाणी टिपतो. वुजू खुर्चीवर बसून. पायांपर्यंत वाकवत नाही म्हणून मी चामड्याचे मोजे, म्हणजे खुफ्फैन वापरते. पूर्ण वुजू करून ते एकदा घातले की घरी असणाऱ्याला एक दिवस आणि एक रात्र वुजूच्या वेळी पाय धुवावे लागत नाहीत, मोज्यांवर ओला हात फिरवला की झाले. ही सवलतसुद्धा पैगंबरांच्या काळापासूनची आहे. आणि ज्या पहाटे हातही वळत नाहीत, त्या दिवसासाठी उशाशी एक स्वच्छ मातीची वीट ठेवलेली आहे.

वीट पहिल्यांदा ठेवली तेव्हा अम्मी साताऱ्याहून आली होती. तिने विचारले, “ये क्या गे, ईंटा?” मी सांगितले. आयत दाखवली, आलमगिरीतली ओळ वाचून दाखवली. दादीला शेवटी लघवी धरवत नसे, तेही तिला नापाकीचे मोठे कारण वाटायचे. अशा माणसाला शरीयत ‘माजूर’ म्हणते आणि प्रत्येक नमाजच्या वेळेला एक वुजू त्याला पुरते, तेही वाचले. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, “तुम्हारी दादी कू कोई बोल्याच नहीं.”

खरे आहे. त्या चार वर्षांत आमच्या घरी कितीतरी लोक तिला बघायला आले. प्रत्येकाने औषधे सांगितली, तेले सांगितली, दुआ दिल्या. तू नमाज का पढत नाहीस, हे तिला कोणी विचारले नाही, आणि मीही विचारले नाही. मी तेव्हा बीएड करत होते, मुलांना प्रश्न कसे विचारावेत याचे धडे गिरवत होते.

तुमच्या घरात कोणी असे असेल, तर त्यांना आज विचारा.